ल्यूपसचं निदान झाल्यावर : पहिल्या सहा महिन्यांत मन आणि चेहरा कसा सांभाळायचा

ल्यूपस म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते तो दीर्घ आजार. त्याचं निदान झालं की फाईल जाड होत जाते. एएनए (ल्यूपससाठीची रक्तचाचणी), लघवीतलं प्रथिन, हिमोग्लोबिन, प्लेटलेट. रात्री रडू येतं, आरशासमोर उभं राहवत नाही, लग्नाच्या फोटोत यायला नको वाटतं, हे मात्र कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतं. त्यामुळे आपला स्वभावच लेचापेचा आहे असं पेशंटला वाटू लागतं. तसं नसतं. ल्यूपसमध्ये मन खचायला ठरावीक कारणं असतात, ती एकमेकांपासून वेगळी काढता येतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. कारण न ओळखता नुसतं ‘सकारात्मक राहा’ म्हणत बसलं, की महिने वाया जातात.

हा आजार झालेल्या दहा जणांत साधारण नऊ बायका असतात, तेही बहुतेक पंधरा ते पंचेचाळीस या वयातल्या. म्हणून इथली बरीच उदाहरणं बायकांची आहेत. पुरुषांना ‘हा तर बायकांचा रोग’ असं ऐकून घ्यावं लागतं, आणि ते लाजेने उपचारही उशिरा घेतात. उपाय त्यांनाही हेच लागू आहेत.

आधी वाचन आवरा

निदानाच्या रात्री प्रत्येक जण मोबाइलवर शोधतो आणि सगळ्यात भयंकर तेच वाचतो. ल्यूपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहऱ्यावरच्या जखमा लांडग्याने चावल्यासारख्या दिसतात म्हणून फार पूर्वी हे नाव पडलं, तेव्हा ना तपासण्या होत्या ना औषधं. १९५०च्या दशकात निदानानंतर चार-पाच वर्षांनी निम्मेच रुग्ण हयात असत. आज नीट उपचार घेणाऱ्यांपैकी दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांहून अधिक लोक हयात असतात. त्यामुळे जुना आकडा समोर आला तर तो कुठल्या सालचा आहे ते आधी बघा.

पहिले दोन महिने एक नियम पाळा. मनात आलेला प्रश्न शोधायचा नाही, कागदावर लिहायचा आणि पुढच्या भेटीत संधिवाततज्ज्ञांना (ल्यूपसचा उपचार सहसा तेच करतात) विचारायचा. ल्यूपस संसर्गजन्य नाही, ताटाला ताट लागून तो होत नाही, आणि तुमच्या एखाद्या चुकीमुळे झालेला नाही. एवढं पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांसमोर डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्या.

वही घाला : मन कशामुळे बिघडतंय?

साधी शंभर पानी वही पुरे. रोज रात्री दोन मिनिटं, एका ओळीत सहा गोष्टी : तारीख, मन (०ते १०), थकवा (० ते १०), झोप किती तास, प्रेडनिसोलोन (ल्यूपसमध्ये देतात ती स्टेरॉइडची गोळी) किती मिलिग्रॅम, आणि शेवटी ‘इतर’. इतरमध्ये पाळी, ऊन लागणं, ताप, तोंडातले फोड, सांधेदुखी, घरात झालेलं भांडण, जे असेल ते. कारणमीमांसा लिहायची नाही. लांबलचक रोजनिशी आठवड्यात बंद पडते, एक ओळ टिकते.

तीन-चार आठवड्यांनी पानं उलटून पाहा. साधारण चार चित्रं दिसतात.

सांधे दुखू लागले, तोंडात फोड आले, बारीक ताप आला आणि त्याच दिवसांत मनही घसरलं, तर आजार उसळतोय. इथे समुपदेशनाआधी तपासणी हवी.

प्रेडनिसोलोनचा डोस वाढवल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत चिडचिड, रडू, रात्रीची झोप उडणं सुरू झालं, तर स्टेरॉइडचा संशय घ्या. उलटंही होतं. माणूस एकदम उत्साही होतो, रात्री दोन वाजता कपाट आवरायला घेतो, भराभरा बोलतो. घरच्यांना वाटतं तब्येत सुधारली, पण डॉक्टरांना तेही कळलं पाहिजे. बॉस्टनमधल्या १९७२ च्या मोठ्या पाहणीत प्रेडनिसोन या तशाच स्टेरॉइडच्या रोज ४० मिलिग्रॅमपर्यंतच्या डोसवर सुमारे १.३ टक्के रुग्णांना गंभीर मानसिक लक्षणं झाली होती. ८० मिलिग्रॅमच्या वर तेच प्रमाण १८.४ टक्के होतं. म्हणजे हा डोसचा परिणाम आहे, मनाचा कमकुवतपणा नव्हे. डोस कमी करतानाही काही दिवस अंग दुखतं आणि उदास वाटतं, तेही वहीत दिसेल.

ठरावीक प्रसंगानंतरच मन बिघडत असेल, समजा नातेवाईक येऊन गेल्यावर किंवा पार्लरमधून आल्यावर, तर काम त्या प्रसंगावर करायचं.

आणि आजार शांत, डोस स्थिर, प्रसंगही काही नाही, तरी दोन आठवडे मन सलग खाली, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला त्याचा स्वतंत्र उपचार लागतो.

ही चित्रं एकमेकांत मिसळतात, ते ठीक आहे. डॉक्टरांना ‘बरं वाटत नाही’ असं मोघम सांगण्यापेक्षा वहीची दोन पानं दाखवली, तर पाच मिनिटांच्या भेटीतही काम होतं.

स्टेरॉइड आणि सुजलेला चेहरा

सर्वांत जास्त अश्रू इथे सांडतात, आणि सर्वांत धोकादायक चूकही इथेच होते.

प्रेडनिसोलोनचा डोस मोठा असेल तर महिना-दोन महिन्यांत गाल भरतात, चेहरा गोल होतो, मानेच्या मागे आणि पोटावर चरबी साठते, हातपाय मात्र बारीक राहतात. कपाळावर-पाठीवर पुटकुळ्या, ओठांवर आणि गालांवर लव, मांड्यांवर जांभळट रेघा. भूक अशी लागते की जेवून उठल्यावर तासाभरात पुन्हा डबे उघडावेसे वाटतात. ही भूक औषधाची असते, हावरटपणाची नव्हे.

आता चूक. चेहरा सुजला म्हणून, किंवा घरात लग्न आहे म्हणून, गोळी परस्पर बंद केली जाते. तीन आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड घेतलं की शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावते. अचानक गोळी थांबवली तर रक्तदाब कोसळणं, उलट्या, कमालीचा गळाठा, आणि वर आजार उसळणं, असं सगळं एकदम येऊ शकतं. मग डोस पूर्वीपेक्षा मोठा द्यावा लागतो आणि चेहरा अजून सुजतो. ज्या गोष्टीपासून पळायचं होतं तीच दुप्पट होऊन परत येते.

त्याऐवजी डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचारा :

१. डोस कधी, किती टप्प्यांनी कमी होणार? तक्ता लिहून द्याल का?
२. स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या ल्यूपसच्या नेहमीच्या औषधाबरोबर अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेटसारखं दुसरं औषध माझ्या बाबतीत लागेल का?
३. गोळी कधी घेऊ? एकच डोस असेल तर तो सहसा सकाळी नाश्त्यानंतर घेतात. संध्याकाळी घेतल्यास झोप उडते, आणि झोप गेली की मन जातंच.

युरोपीय संधिवात संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींत देखभालीचा डोस रोज ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी ठेवावा, आणि जमेल तेव्हा बंदही करावा, असं म्हटलं आहे. तुमच्या डॉक्टरांचं लक्ष्य काय आहे ते विचारण्यात आगाऊपणा नाही. डोस खाली आला की चेहरा उतरतो, पण त्याला काही महिने लागतात. जांभळ्या रेघा फिक्या होतात, पूर्ण जात नाहीत. तात्पुरतं काय आणि कायमचं काय हे आधीच माहीत असलं की रोज नव्याने घाबरायला होत नाही.

दरम्यान हाताशी असलेल्या गोष्टी. मीठ दिवसाला एका छोट्या चमच्याच्या आत, म्हणजे पापड, लोणचं, फरसाण ताटातून बाहेर. मिठाने चेहऱ्यावर चरबी येत नाही, पण अंगावर पाणी साठतं आणि रक्तदाब वाढतो. चार-पाचच्या भुकेसाठी फुटाणे, काकडी, मीठ न घातलेलं ताक आधीच काढून ठेवा. पोटात आग पडल्यावर शोधायला गेलं की बिस्किटाचा पुडा हाती लागतो. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी. रोज काट्यावर चढलं तर पाण्याच्या चढउतारालाच आपण रडत बसतो. उपवास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, रिकाम्या पोटी ही गोळी घेऊ नये.

कपड्यांचं काम मनावर जेवढं परिणाम करतं तेवढं कुठलंही भाषण करत नाही. जुनी जीन्स ‘कधीतरी बसेल’ म्हणून समोर टांगून ठेवू नका, वरच्या माळ्यावर टाका. आत्ताच्या मापाचे दोन-तीन चांगले कपडे घ्या. नवा ब्लाउज शिवताना शिंप्याला दोन्ही बाजूंना नेहमीपेक्षा जास्त माया ठेवायला सांगा. माप खाली-वर झालं तरी तोच ब्लाउज चालतो. सकाळी बोटं सुजत असतील तर अंगठी काढून ठेवा.

डाग, केस आणि ऊन

गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखी उमटणारी लाली बरी होताना सहसा व्रण ठेवत नाही, पण आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तपकिरी डाग मागे राहतात. ते फिके व्हायला महिने लागतात. जाड, खवले धरणारे गोल चट्टे, म्हणजे डिस्कॉइड प्रकार, मात्र कायमचा व्रण आणि टकलाचा चकता ठेवू शकतात. तसा चट्टा दिसला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

केसांचं तसंच आहे. आजार उसळल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने जातात, आणि नेमकं तेव्हा बाकी सगळं बरं चाललेलं असतं, त्यामुळे धक्का मोठा बसतो. हे केस परत येतात, सहा महिने ते वर्ष धरा. तोवर ओले केस विंचरू नका, रुंद दातांचा कंगवा वापरा, घट्ट आंबाडा नको, तेल लावायचं तर हलक्या हाताने. केस खांद्यापर्यंत कापले की गळतात तेवढेच, पण पुंजका लहान दिसतो. हा उपाय फसवा वाटेल, तरी रोज सकाळी न्हाणीघरात दिसणारं दृश्य बदलतं, आणि ते महत्त्वाचं आहे.

गोरेपणाच्या किंवा डाग घालवण्याच्या क्रीमच्या वाटेला जाऊ नका. औषधाच्या दुकानात ‘डागावर काहीतरी द्या’ म्हटलं की पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब मिळते. आठवड्यात चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, केस उगवतात. त्वचारोगतज्ज्ञाने ठरावीक दिवसांसाठी दिलेलं क्रीम ही वेगळी गोष्ट.

ऊन हे आजार उसळवणारं कारण आहे, तेव्हा सनस्क्रीन हे इथे औषध समजायचं. एसपीएफ ३० किंवा जास्त, यूव्हीए आणि यूव्हीबी हे उन्हातले दोन्ही अतिनील किरण अडवणारं. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढा, तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, मग दर दोन तासांनी. ५० ग्रॅमची ट्यूब चार महिने टिकत असेल तर तुम्ही फार कमी लावताय. पांढरट थर दिसतो म्हणून टाळत असाल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन मागा. खिडकीच्या काचेतून यूव्हीए आत येतात, म्हणून एसटीत आणि ऑफिसात उन्हाच्या बाजूला बसू नका. शिफॉनची ओढणी ऊन अडवत नाही, घट्ट विणीची सुती अडवते. पुण्यात दुचाकीवर पुष्कळ मुली चेहरा पूर्ण बांधून फिरतात, तिथे तुम्हाला कोणी वळूनही पाहणार नाही. ऊन टाळता म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्या.

मेकअप करायला हरकत नाही, फक्त ओल्या, सोललेल्या किंवा खपली धरलेल्या त्वचेवर नको. आधी सनस्क्रीन, दहा मिनिटं थांबा, लालीवर हिरवट आणि तपकिरी डागावर नारिंगी छटेचं करेक्टर टिपून लावा, घासू नका, मग फाउंडेशन. नवीन वस्तू आधी हाताच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहा. लालीवर ब्लीच नको.

आरशाशी वागणं

दोन सवयी घात करतात. पहिली, दिवसातून वीस वेळा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात चेहरा तपासणं. हातभर अंतरावरून तो कॅमेरा नाक आहे त्याहून मोठं दाखवतो, त्यामुळे तपासणीतून भीतीच वाढते. दुसरी, आरसा पूर्ण टाळणं. मग लिफ्टच्या काचेत अचानक चेहरा दिसला की छातीत धस्स होतं.

दोन्हींवर एकच सराव आहे. अंघोळीनंतर आरशापासून दोन-तीन फुटांवर उभे राहा, दोन मिनिटं लावा. केसांपासून पायांपर्यंत जे दिसतं ते शिंप्याला माप सांगावं तशा शब्दांत मनात बोला. ‘गाल रुंद. डाव्या गालावर रुपयाएवढा तपकिरी डाग. डोळे काळे. खांदे सरळ.’ ‘भयानक’, ‘विद्रूप’ असे शब्द आले तर त्या जागी रंग, आकार, माप घाला. कौतुक करायची सक्ती नाही, खोटं कौतुक मनाला पटत नाही. पहिले तीन-चार दिवस अस्वस्थता वाढेल, मग सहसा ओसरते. दोन आठवडे करा. घाबरगुंडीच उडत असेल तर थांबवा आणि समुपदेशकासोबत करा.

दर महिन्याच्या एक तारखेला, एकाच खिडकीत, एकाच वेळी एक फोटो काढा आणि मध्ये काढू नका. रोज न दिसणारी सुधारणा त्यात दिसते, डॉक्टरांनाही उपयोग होतो.

‘तब्येत झालीय हो!’

आपल्याकडे हे प्रेमाने म्हणतात, म्हणूनच ते जास्त लागतं. उत्तर आयत्या वेळी सुचत नाही. आधीच दोन वाक्यं पाठ करून ठेवा आणि त्यापुढे जाऊ नका.

काकू-मावशींना : ‘औषधाची सूज आहे मावशी, डोस कमी झाला की उतरेल. तुमचे गुडघे कसे आहेत?’
ऑफिसात : ‘एक दीर्घ आजार आहे, उपचार चालू आहेत. मला ऊन आणि जागरण चालत नाही, बाकी काम जमतं.’
जास्तच खोदून विचारणाऱ्याला : ‘त्याबद्दल आज नको बोलूया.’

नवऱ्याला किंवा आईला नुसतं ‘मला समजून घ्या’ म्हणू नका, नेमकं काम सांगा. ‘कोणी चेहऱ्याबद्दल बोललं तर विषय तुम्ही बदला.’ ‘ओपीडीत सोबत या आणि मी विसरले तर वहीतलं वाचून दाखवा.’

प्रतिकारशक्ती वाढवण्याचे सल्ले आठवड्याला चार तरी येतील. ल्यूपसमध्ये प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःच्या शरीरावर चालून आलेली असते, तिला अजून चेतवणारं काहीही परस्पर घेऊ नका. गुळवेल घेतलेल्या काही लोकांना यकृताची इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं, आणि त्यांतल्या काहींना स्वप्रतिकार आजार होते. सल्ला देणाऱ्याशी वाद घालू नका. ‘डॉक्टरांना विचारून सांगते’ एवढं पुरतं. नकार दिल्याची बोचही राहत नाही.

लग्नाचा आणि मुलाचा प्रश्न मनाला सगळ्यात खोल टोचतो, त्याचं तथ्य थोडक्यात. ल्यूपस असलेल्या पुष्कळ स्त्रियांना निरोगी मुलं होतात. आजार किमान सहा महिने शांत हवा, मायकोफेनोलेट आणि मेथोट्रेक्सेटसारखी औषधं आधीच बदलावी लागतात, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सहसा चालू ठेवतात, आणि रक्ताच्या काही विशेष तपासण्या आधी कराव्या लागतात. लग्न ठरताना आजार लपवला तर पुढची कित्येक वर्षं गोळ्या लपवत घ्याव्या लागतात, आणि लपवलेली गोळी चुकते. ठरण्याआधी सांगा, शक्यतो डॉक्टरांसमोर.

थकवा

हा थकवा झोपेने जात नाही, आणि दिसत नाही म्हणून ‘आळशी’ हा शिक्का बसतो. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, ‘ड’ जीवनसत्त्व आणि झोप तपासून घ्या, कारण यावर सरळ उपचार आहेत. उरलेल्यासाठी : बरं वाटतं त्या दिवशी सगळी साठलेली कामं उरकायची नाहीत. तसं केलं की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात आणि अपराधी वाटतं. दिवसाला तीन कामं, मध्ये वीस मिनिटं आडवं होणं, दमण्याआधी थांबणं. ओट्याशी उंच स्टूल ठेवा, भाजी बसून निवडा, कुकर बसून लावा. चालणं दहा मिनिटांपासून सुरू करा, आठवड्यातून पाच दिवस, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. ऊन उतरल्यावर.

मदत कधी आणि कुठे

दर महिन्याच्या फोटोबरोबरच स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत, (एक) कशातच रस किंवा आनंद वाटत नाही असं किती वेळा झालं? (दोन) उदास, निराश किती वेळा वाटलं? अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ३ किंवा जास्त आली तर मानसोपचारतज्ज्ञांना किंवा मानसशास्त्रज्ञांना भेटा. भूक, झोप, थकवा यांवरून नैराश्य ठरवायला जाऊ नका, ते ल्यूपसनेही बिघडतात. हे दोन प्रश्न म्हणूनच जास्त भरवशाचे.

मानसोपचारतज्ज्ञांना सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि नैराश्यावरचं एसिटॅलोप्रॅम दोन्ही हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युतलयीवर परिणाम करू शकतात. एकत्र द्यायची तर ईसीजी काढून ठरवतात किंवा दुसरं औषध निवडतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेली-मानस ही सरकारी फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

जगणं नको वाटणं, स्वतःला इजा करण्याचे विचार येणं, यात दोन आठवडे मोजायचे नसतात. त्याच क्षणी घरातल्या एका माणसाला सांगा, एकटं राहू नका, औषधांचा साठा त्यांच्याकडे द्या, १४४१६ ला फोन करा. धोका लगेचचा असेल तर ११२.

आणि हे घरच्यांनी वाचावं : अचानक भलतंच बोलणं, माणसं न ओळखणं, नसलेले आवाज ऐकू येणं, फिट, एका बाजूची शक्ती जाणं, कधी नव्हे असं डोकं दुखणं. ल्यूपस मेंदूपर्यंत गेल्याची ही लक्षणं असू शकतात. याला बाधा किंवा अंगात येणं समजून उतारे काढण्यात रात्र घालवू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या, ‘हिला ल्यूपस आहे’ हे पहिलं वाक्य म्हणा आणि फाईलबरोबर ती वहीही न्या.